गालातलं औषध

ता. ४ एप्रिल

चि. सौ. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

उत्तराला फार उशीर झाला, रागावू नकोस. दोनदा लिहायला बसलो, दोनदा उठलो. सुटीत तुझ्या चिमणीला महिनाभर माझ्याकडे ठेवायचं म्हणतेस, ते वाचून अंगावर मूठभर मांस चढलं. पुढच्या ओळीला मात्र अडलो. तिची फिट लांबली तर द्यायचं औषध बदललं म्हणे. का ग बाई? मागच्या वर्षी बागेत तिला फिट आली, तेव्हा मी त्याच जुन्या औषधाची नळी मागच्या बाजूने दिली होती आणि पोर शांत झाली होती. चालत्या गाड्याला खीळ कशाला? आता म्हणे गालात पिचकारी. ठसका लागला तर? दातखीळ बसलेली असते, तोंड उघडू कसं? आणि हे फ्रिजमध्ये ठेवायचं की कपाटात?

एक खरं सांग. तेव्हापासून चिमणी इकडे यायला का कू करते, ते का? माझं काही चुकलं का? मायेने लिही, झाकून ठेवू नकोस.

तुझे बाबा

ता. ११ एप्रिल

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं काहीच चुकलं नाही. तुमच्या नळीनेच ती सावरली, हे मी इथे सगळ्यांना सांगत असते. तुमचे प्रश्न मी जसेच्या तसे डॉक्टरीणबाईंना विचारले. हसल्या, म्हणाल्या, वडील काळजीत एम.ए. झालेले दिसतात. जुनं औषध वाईट नाही, पण मुलांमध्ये दोन्ही ताडून पाहिली तेव्हा गालातलं जास्त वेळा लागू पडलं. शिरेतलं इंजेक्शन झटकन काम करतं, पण ते दवाखान्यात, आणि झटके देणाऱ्या हाताची शीर सापडेपर्यंतच वेळ जातो. दात उघडायचेच नाहीत. कुशीवर वळवायचं, ओठ बाजूला करून गाल आणि हिरडीच्या मध्ये हळूहळू सोडायचं. फिट पाच मिनिटांवर गेली तरच. त्यानेही थांबली नाही तर अँब्युलन्स. आणि कपाटातच ठेवा.

चिमणीचं म्हणाल तर ती आता नऊ वर्षांची आहे. बागेत शुद्धीवर आली तेव्हा अंगावर चड्डी नव्हती आणि भोवती माणसं उभी होती. ती तुमच्यावर रुसलेली नाही. आजोबांकडे जाईन पण ती नळी नको, एवढंच म्हणते. तुम्हाला नवं जमणार असेल तर तिला पाठवते. नसेल तर मोकळेपणाने कळवा, इथेच ठेवीन. लोभ आहेच, तो काळजीपेक्षा थोडा जास्त असू द्या.

तुमची ताई

ता. २३ एप्रिल

चि. सौ. ताईस अ. उ. आ.

पत्र पोचलं. पोरीच्या लाजेचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मग शेजारच्या घड्याळवाल्याला गाठलं. रोज त्याला दुकानातल्या बाकावर कुशीवर निजवतो आणि गालात पिचकारीने साखरपाणी सोडतो. पहिल्या दिवशी सगळं त्याच्या कॉलरवर. म्हणाला, जन्मभर शिवणयंत्र चालवलंस आणि तुला गाल सापडत नाही. पाच मिनिटं मोजावीत तर दुकानातलं प्रत्येक घड्याळ वेगळं बोलतं, त्यावरून भांडण निराळंच. आता तर साखर वाढव म्हणतो.

परवा एक गिऱ्हाईक आत डोकावलं आणि आमचा अवतार पाहून अँब्युलन्स बोलावून मोकळं झालं. गाडीतून उतरलेल्या नर्सबाईंनी आधी आम्हा दोघांना झाडलं. मी हात जोडून सगळं सांगितलं, तेव्हा म्हणाल्या, करून दाखवा. माझा हात लटपटत होता, तरी थेंब बाहेर आला नाही. बाई म्हणाल्या, हात कापतो म्हणून तुम्ही सावकाश सोडता, असंच सोडा. पोरीला खुशाल आणा. घड्याळवाला मात्र उठेना, गाडीतून एक चक्कर मारून आणा म्हणून अडून बसला.

तेव्हा मला जमलं ग. चिमणीला सांग, आता अंगावरची चादरसुद्धा सरकवावी लागणार नाही. तिच्या सामानात औषध आठवणीने घाल. दोन घाल, एक हरवलं तर? ती कोणत्या गाडीने येते ते लगेच कळव. दोन ओळी आल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही.

तुझे बाबा