पाटीवरचं नाव

२ नोव्हेंबर

आजपासून भिलाईकर. गोंदियाहून सकाळच्या गाडीनं निघालो, दुर्गला उतरून ऑटो केला आणि अकराच्या आत वैशाली नगरातल्या दादाच्या घराचं कुलूप उघडलं. सामान मोजून सात नग: वाइंडिंगचं मशीन, तारेची तीन रिळं, हत्यारांची पेटी, कपडे, आणि ‘भस्मनगर’चे पाचही खंड खाकी कव्हर घातलेले.

दादा एप्रिलमध्ये गेला. राधाबाई वहिनी लेकीकडे, निशाकडे, नागपूरला राहायला गेल्या. घर बंद पडून राहण्यापेक्षा मी राहावं, असं त्याच म्हणाल्या. सुपेल्यात मोटार वाइंडिंगचं दुकान पाहून ठेवलंय, पुढच्या महिन्यात उघडेन. इथं कुलरच्या मोटारीच इतक्या जळतात की बावन्नाव्या वर्षी नव्यानं सुरुवात करायला भीती वाटत नाही. मी दहावी नापास. आयटीआयचं तोंड पाहिलं नाही. जे येतं ते स्वतः शिकलो.

घर चांगलं आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, अंगणात नळ, व्हरांड्यात दादाची सायकल, साखळी लावलेली, दोन्ही चाकांत हवा नाही. मागच्या खोलीची मेन, म्हणजे मुख्य स्विच, वेगळी आहे, ती बंद. तिच्यावर दादाची पत्र्याची पाटी लटकते. दादा इथल्या पोलाद कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. प्लांटमध्ये कोणत्याही मशीनवर काम करायचं तर इलेक्ट्रिशियन आधी स्विच पाडतो, त्याला शटडाऊन घेणं म्हणतात, आणि स्विचवर स्वतःच्या नावाची पाटी लावतो. अर्थ एकच: मी आत आहे, चालू करू नका. ज्यानं लावली त्यानंच काढायची. साहेबानंही हात लावायचा नाही. दादा घरीसुद्धा तसंच करायचा. मागच्या खोलीतला पंखा दुरुस्त करता करता आजारी पडला, पाटी तशीच राहिली.

वहिनींनी चावी देताना एवढंच सांगितलं, “भाऊजी, ते पाटी तेवढी राहू द्या जी. त्यायनं लावली, त्यायनंच काढाव.” बाईमाणसाचं मन. मी हो म्हटलं.

४ नोव्हेंबर

नेहरू नगरच्या एका कोचिंग क्लासच्या हॉलमध्ये १६ तारखेला ‘भस्मनगर’ वाचकांचा मेळावा आहे आणि मुख्य वक्ता मी आहे! फोनवरच्या ग्रुपात अकराशे चाळीस सभासद. दिपाली नावाची नागपूरची मुलगी ग्रुप चालवते, तिनं “काका, तुमच्याशिवाय मजा नाही” असं लिहिलं.

या वहीत एकदा नीट मांडून ठेवतो. कादंबरीत राखेच्या नगराची राणी मेलेल्यांना उठवते. उठलेल्यांच्या गळ्यात तांब्याची पट्टी असते, पट्टीवर नाव. ते ठरल्या वेळी येतात, आधी हात धुतात, आणि कुणाला काही करत नाहीत, फक्त राहतात. हे कसं घडतं ते लेखकानं पाच खंडांत कुठंही सांगितलेलं नाही. वाचक वर्षानुवर्षं डोकं खाजवून राहिलेत. रायपूरचा रोशन म्हणतो रक्तानं. कुणी म्हणतं अमावास्येनं.

मे महिन्यात मी ग्रुपवर टाकलं की सगळे उलट बाजूनं पाहून राहिले. पट्टी उठवण्यासाठी नाहीच. पट्टी म्हणजे शटडाऊनची पाटी. मेलेला माणूस बंद असतो तो त्याच्या नावाची पाटी त्याच्या जागी आहे म्हणून. राणी मंत्रबिंत्र काही म्हणत नाही. ती फक्त पाटी काढते आणि तिच्यावर दुसऱ्याचं नाव घालते. तिसऱ्या खंडातले अकरा प्रसंग पानांच्या आकड्यांसह दिले होते. त्या दिवसापासून ग्रुपवर त्याला ‘निखाडे सिद्धांत’ म्हणतात.

६ नोव्हेंबर

दुकानाचं सामान ठेवायला मागची खोली हवी आणि तिथं दिवा लागत नाही. किती दिवस चालणार? पाटी काढली. पंख्याचा कपॅसिटर गेला होता, दहा मिनिटांचं काम. मेन चढवली, पंखा फिरला.

पाटी मात्र टाकवली नाही. सहा इंच बाय चार, जाड पत्रा, कडा घासलेल्या, काम उत्तम. जुनं नाव खरवडलं, पॉलिश पेपर मारला, दोन नंबरच्या ब्रशनं पांढऱ्या ऑइल पेंटमध्ये लिहिलं: तेजराम निखाडे. अक्षरं एकसारखी, फूटपट्टी न लावता. दारावर लावणार होतो. खिळा मिळाला नाही म्हणून सध्या त्याच मेनवर अडकवली.

९ नोव्हेंबर

एक बारीक गोष्ट नोंदवतो. दुपारी जेवून पडलो होतो. दोन पस्तीसला फाटकाची कडी वाजली, मग नळ. बाहेर आलो तर कुणी नाही. नळ घट्ट बंद, खालची फरशी ओली, आणि नालीत काळं पाणी, कपडे धुवायच्या पावडरचा फेस असलेलं. ग्रीसचे हात असेच धुतात. साबणानं ग्रीस निघत नाही.

दादाची पहिली पाळी दोनला सुटायची. सायकलनं घरी पस्तीस मिनिटं.

कोणी शेजारी पाण्याला आला असेल.

१२ नोव्हेंबर

तीन दिवस रोज. दोन पस्तीस. घड्याळ टीव्हीच्या वेळेशी लावून घेतलं.

आज मुद्दाम सुपेल्याला गेलो, दुकानाचं शटर पाहिलं आणि तीनला परतलो. शेजारच्या कौशल्याबाई, मूळच्या तुमसरकडच्या, फाटकाशी मेथी निवडत बसल्या होत्या. मला पाहून हसायला लागल्या. “हे कावून जी भाऊ? आत्ता तं तुमी सायकल घेऊन आत गेले, अन् आता बाहेरून येऊन राहिले. घरात दोन दोन निखाडेजी ठेवले का?”

मी म्हटलं, सायकल माझी नाही. त्या म्हणाल्या, “राहू द्या बापा, उन्हानं मलेच दिसलं असंन. तुमची चाल अगदी मोठ्या भावासारखीच हाय म्हना.”

सायकलची साखळी जागेवर आहे. चावी नागपूरला वहिनींकडे. दोन्ही चाकांत हवा आहे. अंगठ्यानं दाबून पाहिली, टणक.

१६ नोव्हेंबर

मेळावा झाला. साठेक माणसं, समोसे, बॅनरवर माझं नाव. पाऊण तास बोललो, एकही कागद हातात न घेता. टाळ्या पडल्या. एकानं विचारलं, काकाजी, कुठपर्यंत शिकले? मी सांगितलं, कुणीही शिकवलं नाही. पुन्हा टाळ्या.

मग रोशन उठला. पंचविशीचा, चष्मेवाला. “सब बढिया आहे काकाजी. पण पाटीवर ज्याचं नाव, तो मशीनच्या आत आहे, बरोबर? मंग राणी मेलेल्याच्या पाटीवर दुसऱ्याचं नाव घालते, तर तो दुसरा कुठं जातो?”

सहावा खंड येऊ द्या म्हटलं. हसले सगळे. रोशन नाही हसला.

उत्तर येणार कुठून? दादाची वही तिथंच संपली होती.

१७ नोव्हेंबर

लिहून टाकतो. ही वही कुणी वाचणार नाही.

सिद्धांत दादाचा आहे. ‘भस्मनगर’ मला वाचायला त्यानंच दिलं. त्याला फोनवर टाइप करणं जमत नसे, म्हणून वहीत लिहायचा, निळ्या शाईत, पानांच्या आकड्यांसह. दवाखान्यात त्यानं वही माझ्या हातात दिली. म्हणाला, “तेजू, हे ग्रुपवर टाकजो. खाली माह्यं नाव लिहिजो फक्त.” वाइंडिंगसुद्धा त्यानंच शिकवलं, शनिवारी रात्रीच्या गाडीनं गोंदियाला येऊन. चौदा महिने.

दहाव्याला शिवनाथ नदीच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर बारा होते, मी मोजले. वहिनी म्हणाल्या, निशाची काळजी करू नका. निशा म्हणाली, आईला मी सांभाळीन. दीड तास उलटला. सगळ्यांनी शब्द दिले. मी दिला नाही. वही माझ्या पिशवीत होती आणि ती कुणाच्या नावानं टाकायची ते माझं ठरलं होतं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववू म्हटलं. त्यांची गाठ सैल होती, म्हणून मीच घट्ट बांधून दिला. चोचसुद्धा नीट.

दार उघडं असलं की मशीन चालूच होऊ नये म्हणून एक स्विच असतो. काही लोक त्याला तार बांधून चकवतात. मी स्वतः पोरांना शिकवत आलो की तसं करणारा माणूस मारतो. घाटावर मी तेच केलं.

आज दादाच्या हत्यारांच्या पेटीत, टेस्टरच्या कप्प्याखाली, दुसरी वही सापडली. चारच पानं लिहिलेली. शेवटचं:

‘पाटी ज्यानं काढली त्यानं चालू केलं. ज्याचं नाव घातलं तो आत जातो, मेलेला बाहेर येऊन त्याच्या जागेवर राहतो. एका दिवसात नाही, हळूहळू. सुटका एकच, दुसऱ्याचं नाव बळकावणाऱ्यानं ते चारचौघांत ज्याचं त्याला परत करावं. तेही आत पुरता जाण्याआधी.’

ग्रुपवर चार ओळी लिहायच्या, बस. फोन हातात घेतला. अकराशे चाळीस लोक. बॅनरचा फोटो अजून वर दिसत होता, खाली शंभरावर अभिनंदनं.

उद्या लिहीन. शब्द नीट जुळवून.

१८ नोव्हेंबर

मागच्या खोलीतला बोर्ड तपासायला टेस्टर लावला, दिवा लागला नाही. लाइन गेली म्हणावं तर पंखा फिरून राहिला. दुसरा टेस्टर. तिसरा, नवा, पाकिटातला. एकही नाही.

कौशल्याबाईंना बोलावून तोच टेस्टर त्यांच्या हातात दिला. लागला. लाल, भक्क. त्या म्हणाल्या, “चांगला तं हाय.” माझ्या हातात घेतला. विझला.

टेस्टरचा दिवा माणसाच्या अंगातून जमिनीत करंट जातो तेव्हा लागतो. जिवंत अंगातून. हे मला दादानं शिकवलं होतं, मी नऊ वर्षांचा असताना.

दोन पस्तीसला कडी. नळ. या वेळी मी खिडकीतून पाहिलं. पाठ दिसली. शर्ट माझा होता.

१९ नोव्हेंबर

सकाळी सहापासून ग्रुपवर लिहायला बसलो. फोन माझं बोट घेत नाही. पुसलं, धुतलं, दुसरा हात, नाक, सगळं करून पाहिलं. काच तशीच काळी. निशाचा फोन येऊन वाजत राहिला, मला उचलता आला नाही. काचेलाही जिवंत बोट लागतं. परवा लागत होतं — परवा मी शब्द जुळवून राहिलो होतो.

पाटी खरवडायला गेलो. रंग नखांत येतो, अक्षरं जात नाहीत. मेनवरून निघतही नाही.

कौशल्याबाईंना फाटकाशी जाऊन सगळं सांगितलं, मोठ्यानं, दोनदा. त्या मेथी निवडत राहिल्या.

२० नोव्हेंबर, सकाळ

पेन चालतो. पेनाला काही लागत नाही, फक्त शाई.

नखांत ग्रीस. मी आठ दिवस मशीनला हात लावलेला नाही.

भूक नाही. पंख्याचा वारा लागत नाही.

दुपार, दोन पस्तीस

कडी — नळ — बराच वेळ हात धुतले त्यानं. मग आत आला. माझ्याकडे रागानं नाही पाहिलं. पाळीवरून आल्यावर पाहायचा तसंच, थकून. खुर्चीवर बसला, माझा फोन उचलला. त्याच्या बोटानं उघडला.

बाहेरून कौशल्याबाईंनी हाक मारली, “ओ तेजरामभाऊ, मेथीची भाजी ठेवली जी फाटकावर!”

तो म्हणाला, “हो जी, येतो.”

आवाज माझा.

मी म्हटलं, दादा, मी परत करतो, आत्ता करतो — ऐकलं नाही. किंवा ऐकू आलं नाही —

फोनवर दिपालीचा मेसेज. मला वाचता आला. सहावा खंड निघाला, सिद्धांत खरा ठरला, काका तुम्ही ग्रेट. तो वाचून हसला. अजून टाइप करता येत नाही त्याला, एकेक अक्षर शोधून — ते — ज — रा —

मागच्या खोलीचं दार उघडं आहे. पंखा बंद झाला. मेन कुणी पाडली नाही —

मागं चाळून पाहिलं. या अख्ख्या वहीत मी त्याचं नाव एकदाही लिहिलेलं नाही. दादा, दादा, दादा. एकदाही —

ही वही ज्याला सापडेल त्यानं चारचौघांत वाचावी. सिद्धांत माझा नाही. वाइंडिंग माझं नाही. मी स्वतः काही शिकलो नाही. सगळं माझ्या थोरल्या भावाचं, त्याचं नाव दे