दादा पोचेपर्यंतचा केर

बुधवार, १६ ऑगस्ट १९६१
दादाला परवा दिल्लीला जायचंय. विमानाने. कारखान्यातून पाठवताहेत, नवं यंत्र शिकायला. इतकी वर्षं विमानं जोडली, आत बसून उडणं पहिल्यांदाच. वहिनीला सातवा महिना. तिने एवढंच विचारलं, "वन्सं, किती वेळ वर राहतात हो?"
शाळेतला नकाशा आणला, पट्टीने मोजलं. हजार ऐंशी मैल. ताशी एकशे ऐंशी धरले, सहा तास. घरात मीच एकटी बी. एस्सी., त्यामुळे कोणी शंका काढली नाही.

शुक्रवार, १८. दुपार
आठला सुटलं. दिसेनासं होईपर्यंत वहिनी खाली मातीकडेच बघत होती.
आईचा नेम: माणूस मुक्कामी पोचेपर्यंत घरात केर काढायचा नाही. गाडीने गेला की दोन-दोन दिवस तसंच. पण आज श्रावणातला शुक्रवार, संध्याकाळी बायका हळदीकुंकवाला येणार. दोन वाजले तशी मी म्हटलं, पोचला दादा, काढ आता.
"नक्की ना ग?"
"आई, गणित आहे हे."
तिने काढला. मला बरं वाटलं. एक खुळी समजूत तरी गेली घरातून.

शुक्रवार, संध्याकाळ
दादा पोचल्याची तार नाही. बाजाराचं निमित्त सांगून विमान कंपनीच्या कचेरीत गेले. कारकून कानडी, भला माणूस. म्हणाला, सरळ कुठे जातं अक्का, हैदराबाद, मग नागपूर, दोन्हीकडे उतरतं. नागपूरहून सुटलंच उशिरा. म्हणजे दोनला दादा अजून…
पुढे पाऊस फार. दिल्लीची लाइन लागत नाही. "स्वल्प थांबा. कुठेतरी उतरवलं असेल." असेल, म्हणाला. उतरवलंय म्हणाला नाही.
घरी आले तर बायका जमलेल्या. वहिनीच्या ओटीत नारळ. कोणीतरी म्हणालं, तुझा नवरा ढगांत बसून चहा पीत असेल. सगळ्या हसल्या, वहिनीही. मी कचेरीचं काही सांगितलं नाही.
मागच्या दारी केराची टोपली तशीच होती. माझा विश्वास नाही असल्या गोष्टींवर. आजही नाही. तरी दोन्ही मुठी भरून केर आत आणला, दादाच्या खाटेखाली पसरला.

शनिवार, १९. सकाळ
तार नाही. कचेरी दहाला उघडते.
वहिनी उठून नकाशापाशी उभी होती. पट्टीने मोजत होती. "सहाच ना, वन्सं?"
हो म्हटलं.
आई खाटेखाली वाकली. केर पाहिला, माझ्या तोंडाकडे पाहिलं. केरसुणी उचलून उंच फळीवर ठेवली आणि मला म्हणाली, "चप्पल घाल. मी पण येते."