डोळे आखायचे राहिले

शुक्रवार, ८ ऑगस्ट १९९७. मस्कत.

आज सुट्टी म्हणून गावी, जोह्याला, शेजाऱ्यांकडं फोन लावला. आई म्हणाली, "कारखान्यात गणपतीच्या मूर्ती रंगून उभ्या हायत, पन डोळे आखायला चंदा बसतच नाय. तू धाडलेला तो विटा रचायचा गेम तिच्या हातातनं सुटत नाय."

चंदा माझी बहीण, चौदा वर्षांची. बाबा गेल्यापासून आखणी तीच करते, दुसऱ्या कुणाचा हात तसा नाय. डोळ्यांवाचून मूर्ती कोण नेणार? म्हटलं, दे तिला फोन, चांगली झापतो.

"काय गो, गणपती आंधळेच धाडनार काय?"

"दादा, तुझा स्कोर कितीवर गेला?"

मी आकडा सांगितला. का सांगितला?

"माझा कालच पुढं गेला," म्हणाली आणि हसली. मीपण हसलो. तेवढ्यात फोन तुटला. झापायचं राहिलंच.

तसलाच गेम माझ्या उशाखाली हाय. संध्याकाळपासून डोळे मिटले की विटा पडतायत, हळूहळू, आवाज न करता. त्यांच्यामागं गणपतींची रांग, कोऱ्या डोळ्यांची, तरी माझ्याकडंच बघणारी.

पुढच्या शुक्रवारी झापायचंच. पण ती आधी आकडा विचारील, आणि तोवर माझापण वाढलेला असेल.