थंडीत वाढलेली वीज

२ डिसेंबर
वीजघरातलं यंदाच बसवलेलं चार्जिंगचं यंत्र जळलं! सकाळी आठला, स्वच्छ उन्हात. सौर पॅनल ठीक, बॅटऱ्या ठीक, यंत्राचा मात्र कोळसा. दवाखान्यात आबी ल्हाझोमला प्राणवायूचं मशीन लागतं — गावच्या या आजीच्या छातीत दम उरला नाही. सध्या ते डिझेलवर. डिझेल आठ दिवसांचं.

३ डिसेंबर
वोहरासाहेबांना फोन लावला. मी वीजघर सांभाळते त्या कंपनीचे इंजिनिअर, बसतात खाली सपाटीवरच्या शहरात. म्हणाले, एवढ्या थंडीत वीज होतेच कुठे? तुम्हीच काहीतरी चुकीचं जोडलं असणार. माणूस मार्चमध्ये येईल, तोवर कशालाही हात लावायचा नाही.
मार्चपर्यंत आबीने श्वास घ्यायचाच नाही का?

५ डिसेंबर
स्वतः मोजलं. उणे सत्तावीस. सूर्य डोंगरावर आला आणि मीटर एकशे सत्तर व्होल्टवर! यंत्राला सोसतात दीडशे. पॅनल गारठला की व्होल्टेज चढतं. वर आमचं ऊन विरळ हवेतून थेट उतरतं, शिवाय बर्फाची चकाकी. वीज कमी नाही, जास्त झाली. हिशेब साहेबांनी खालच्या सपाटीवरच्या हवेचा केला, आणि जळकं यंत्र माझ्या माथी मारलं.
साहेबांना आकडे कळवले. "मॅडम, तुमचा मीटर बिघडलाय."
मीटर बिघडलाय म्हणे!

८ डिसेंबर
एका ओळीत चार-चार पॅनल आहेत. तीन-तीन करणार, म्हणजे व्होल्टेज उतरेल. ठरलं. गोबाले, म्हणजे आमचे गावप्रमुख, तेवढ्यासाठी घरी आले. "चोरोल, नोकरी जाईल हं."
"जाऊ दे, गोबाले. आबी राहू दे."
"मग सकाळी शिडी धरायला येतो," म्हणाले नि गेले.

९ डिसेंबर
बोटं फुटली, पण जोडलं. शाळेच्या पॅनलचं जुनं चार्जिंगचं यंत्र काढून आणलं. मीटरवर एकशे सव्वीस व्होल्ट. टिकलं!
आबीला सांगितलं, तुझा श्वास आता उन्हावर चाललाय. म्हणाली, "मग इतके दिवस मी तेल पीत होते?"

१९ डिसेंबर
दोन दिवस बर्फ. पॅनल जवळजवळ उभेच केलेत, सगळं घसरून पडलं. तासाभरात वीज सुरू.

२० डिसेंबर
साहेबांना खरं ते कळवलं. लपवायचं काय त्यात?

६ जानेवारी
मला कामावरून काढल्याचं पत्र आलं. त्याच गाडीने पलीकडच्या चार गावांची चिठ्ठी — आमचीही यंत्रं जळली, साहेब म्हणतात चूक आमचीच, तू येशील का?
मीटर पिशवीत घातलाय. पहाटे निघते.