झुलत्या पुलानं बुडवलेली सबब

तीर्थस्वरूप शिवकांता अक्कास,

धाकट्या महांतेशचा साष्टांग शरणार्थ. (साष्टांग मनातनंच, कंबर धरलीय.) तुझे गुडघे कसे हायत? दाजींचा खोकला? म्हैस व्याली का? इकडं सगळे ठीक, एक तुझी भावजय सोडून. ती माझ्यावर रुसून राहिली. कारण तेच : पंचमी तोंडावर आली अन् मुराळी काही घरातनं हलंना.

अकरा वर्षं झाली, मी तुला पंचमीला माहेरी आणायला आलो न्हाई. दर साली कळवायचो, धरणाचं पाणी आडवं हाय, मुखेडावरून वळसा, एसटीचा भरवसा न्हाई. आता सरकारनं माझी पुरती पंचाईत केली. तुझ्या-माझ्या गावांच्या मधी झुलता पूल बांधला! दोन काठांवर दोन मनोरे, त्यांवरून मांडीएवढे लोखंडी दोर, अन् दोरांना सळयांनी टांगलेली वाट. इंजिनीयर शिवांगीबाई (लेकीच्या वयाच्या, पण दरारा आपल्या आईचा) सांगायच्या, मनोरे नुसते दिसायला मोठे. दोरांची टोकं काठावरच्या रानात काँक्रीटच्या ठोकळ्यात गाडलीत, खरी ओढ तोच धरतो. मी रोज त्या ठोकळ्याच्या खड्ड्याकाठी बसून त्यांना सल्ले दिले. त्यांनी एकबी घेतला न्हाई, म्हणून पूल उभा हाय.

उद्घाटनाला बाईंनी बजावलं होतं, पुलावर वाजवू नका, एका ठेक्यात पाय टाकू नका, पूल झोके घेतो. आता तूच सांग, बोअरला पाणी लागलं तरी हलगी वाजवणारं आपलं गाव, ते पुलाला गप बसंल व्हय? साहेबरावानं उपरण्याखाली हलगी दडवून नेली अन् मधोमध थाप टाकली. सगळं गाव ठेक्यात! पूल असा डुलाया लागला की सरपंच आडवे अन् त्यांचा फेटा पाण्यात. बाई वरडून राहिल्या, "ठेका मोडा! पाय चुकवा!" अगं, हलगी वाजताना पाय चुकवायचं कुणाला येतंय? शेवटी हलगीच हिसकावली, तवा पूल निवांत झाला. (मी कुठं होतो इचारू नको. कठड्याला मिठी मारून, डोळे मिटून.)

अन् त्या झोक्यात मला आपला लिंबाचा झोका आठवला गं. तू उभी राहून चढवायचीस, मी तुझ्या पायाला बिलगून. "भितंय का रं?" तू इचारायचीस, अन् मी रडत रडत "न्हाई" म्हणायचो. लई याद आली अक्का तुझी.

दाजींना शरणार्थ. पोरांना आशीर्वाद.

तुझा धाकटा,
महांतेश

ता.क. – पुलाला भिऊन येत न्हाई असं समजू नको. भितो, ती गोष्ट वेगळी.

पुन्हा ता.क. – पाण्याची सबब बी खोटीच. अकरा वर्षांमागं बापाच्या जमिनीवरच्या हक्कसोडाच्या कागदावर मी तुझी सही घेतली. तू वाचलंसुद्धा न्हाई. सही केलीस अन् मलाच इचारलंस, "जेवलास का?" तवापासून तुला तोंड दाखवाया लाज वाटते.

शेवटचं ता.क. – पुलाचा ठोकळा गाडलाय ते रान तुझ्याच वाट्याचं. तिथली उरलेली जमीन तुझ्या नावावर करायचा कागद तयार हाय. या वेळी वाचून सही कर. पंचमीला सकाळी निघतो. निम्म्या पुलावर कठडा धरून बसलेला दिसंल, तो तुझा मुराळी. त्याला उठव, अन् माहेरी चल.