वाकड्या झाडाखालची माती

४ मार्च
ह्यांच्या ऑफिसातून निरोप आला. रानातल्या जुन्या तटावर उत्खनन होणार! तीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी झाडीत माती रचून गोल तट उठवला, भोवती खंदक खणला. हे त्याचे राखणदार. तिथे साधी खुंटी ठोकायची नाही – कायदा! म्हणून तर आमची पोर तिथे आहे. जन्मली तीच श्वास न घेता. मी दवाखान्यात पडलेली. हेच तिला घेऊन गेले. "खंदकात ठेवली, वाकड्या झाडाखाली. तिथे कुणी कधी फावडं लावणार नाही," म्हणाले होते.

आणि आता लावणार.

५ मार्च
डोळ्याला डोळा लागला नाही. ह्यांना म्हटलं, साहेबांना सांगा, दुसरीकडे खणा म्हणावं. "राखणदारानेच खड्डा केला म्हणून सांगू? नोकरी जाईल!" बरं, मग आपणच आधी काढून आणू तिला. तर अंगावरच आले – "तिथे हात लावायचा नाही!" माणूस आहे की दगड? सात वर्षांत एकदा रडले नाहीत.

९ मार्च
दोरी लावून आखणी झाली. नेमकी वाकड्या झाडाखालून! ह्यांचा डबा द्यायच्या निमित्ताने जाऊन आले. खुणेसाठी मी ठेवलेला पांढरा गोटा कुणीतरी बाजूला भिरकावलाय. पिशवीत घालून घरी आणला.

१० मार्च
हे जेवत नाहीत.

१२ मार्च
खणायला लागले. रोज जाऊन काठावर उभी राहते. काही दिसलं की मी आत उडी मारणार, मग कायदा गेला चुलीत. उत्खननाच्या बाईंना वाटतं, मला फार आवड! "या वहिनी, या!" म्हणतात.

१६ मार्च
तळ लागला. काहीच निघालं नाही. बाई मात्र खूश. हात धरून मला आत उतरवलं आणि मातीचे थर दाखवले – काळा, पिवळा, परत काळा, घडी घातल्यासारखे सरळ. "एकदा उकरलेली माती मिसळते वहिनी, परत अशी बसत नाही. इथे आजवर कुणी फावडंच लावलेलं नाही. तुमच्या नवऱ्याने चोख राखलंय हो!"

हे वर काठावर उभे होते. माझ्याकडे बघेनात.

१७ मार्च
"फावडं उचललंच नाही गं. तिथे खणायचं नसतं." मग? "दवाखान्यातच परत दिली." त्यांनी कुठे नेली? "विचारलं नाही."

गोटा टेबलावर आहे. कुठे ठेवू आता?