यंदा त्याने हसवायचं नाही

१२ डिसेंबर

चि. सौ. धाकटीस,
ताईचे पोटभर आशीर्वाद.

शाळांना सुट्ट्या लागल्या म्हणजे आमचा भोंगा चालवतो ती स्कूलबसही उभी, तेव्हा आता सबब चालायची नाही. शेवटच्या आठवड्यात दोघांनी इकडे यायचं. काका, आत्या, पोरंटोरं, सगळा गोतावळा जमतोय. भोंगा यंदा कुणाची नक्कल करणार, असं मावशीने आत्ताच विचारून झालं. माझ्याकडे शिवायचे कपडे छपराला टेकलेत, तरी वरची खोली तुमच्यासाठी झाडून ठेवलीय.

एक मात्र मनात सलतंय. हल्ली फोन केला की तो हूं हूं करतो आणि तुझ्या हातात देतो. लहानपणी ज्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा, म्हणून तर भोंगा नाव पडलं, तो माझा भाऊ अशी मिठाची गुळणी धरून का बसलाय? माझं काही चुकलं असेल तर मोकळेपणी कळव. भावजयीने नणंदेचे कान धरले तरी चालतील.

माया आहेच, पत्र मात्र लगेच पाठव.
तुझी,
ताई

---

१७ डिसेंबर

ती. ताईंना
सा. न. वि. वि.

तुमचं काही चुकलेलं नाही. पण आम्ही यंदा येत नाही, रागावू नका. ह्यांना विचारूनच हे लिहितेय.

ताई, ह्यांचं मन आजारी आहे. बस चालू होती तोवर बसमधल्या मुलांसाठी तरी उठायचे, दाढी करायचे. शाळा बंद झाली आणि उठायचं कारणच गेलं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. परवा सकाळी चहा घेताना म्हणाले की मी नसलो तर तुम्ही सगळे सुटाल. असं अभद्र बोलू नका, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण आज गप्प केलं तर हे पुन्हा कधी बोलणार नाहीत, असं वाटलं. म्हणून सरळच विचारलं, जीव द्यावासा वाटतो का. हो म्हणाले आणि हमसून हमसून रडले.

लाँड्रीत आज कामाला येत नाही म्हणून कळवलं आणि आहे त्या कपड्यांत त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दवाखाना सुट्टीसाठी बंद व्हायच्या बेतात होता. बाईंनी घाई न करता सगळं ऐकून घेतलं, औषध सुरू केलं, सुट्टीत गरज पडली तर कुठे फोन करायचा तेही सांगितलं. एकटं ठेवू नका म्हणाल्या. मी घाबरत घाबरत विचारलं की माझ्या विचारण्याने तर काही बिघडलं नाही ना. त्या म्हणाल्या, विचारल्याने असे विचार वाढत नाहीत, माणसाला बोलायला वाट मिळते.

बसच्या मालकीणबाईंनाही भेटून आले. सुट्टीत गाड्यांच्या फाटक्या सीटा बदलतात. तिथल्या मेकॅनिकच्या सोबतीने सकाळी थोडा वेळ ते काम ह्यांना द्या म्हटलं. त्यांनी का, कशाला, काही विचारलं नाही. कालपासून ह्यांना सकाळी उठवून तिथे पोचवते आणि मग इस्त्रीला जाते.

घरभर माणसं आणि सगळ्यांना हसवायची जबाबदारी, हे ओझं आत्ता त्यांना पेलायचं नाही. तुम्ही एकट्या याल का? उपदेश न करता?

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
धाकटी

---

२९ डिसेंबर

चि. सौ. धाकटीस,
आशीर्वाद तर आहेतच, पण आज मोठेपण बाजूला ठेवून तुला हात जोडावेसे वाटतात.

घरी सुखरूप पोचले. सगळे जमलेत, दंगा चाललाय. भोंग्याला बरं नाही, यंदा त्याला फोन करून नक्कल मागायची नाही, असं मी सगळ्यांना बजावलं. मावशीने नजर लागली असेल म्हणून सुरुवात केली होती. मी म्हटलं, पाय मोडला तर प्लास्टर घालतो ना, तसंच आहे हे.

तुझ्याकडे येताना मी गाडीत मनात भाषणं जुळवत होते. हे बघ भोंग्या, मन घट्ट कर, वगैरे. पण तुझी रीत पाहिली आणि सगळी गिळून टाकली. तू त्याला हसायला सांगत नाहीस. जेवण अर्धं टाकलं तर तोंड वाकडं करत नाहीस. आज फार जड आहे का, एवढंच विचारतेस, आणि हो म्हणाला तर नुसती शेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालतेस. मला तर दोन मिनिटं शांतता झाली की जिभेला खाज सुटते!

दुसऱ्या सकाळी तू मला त्याच्यासोबत बसच्या शेडमध्ये धाडलंस. मी उभ्या जन्मात एवढं जाड रेक्झिन शिवलं नव्हतं, सुईच मोडली. त्याने माझ्या हातातून सीट घेतली आणि दाभण कसा धरायचा ते दाखवलं. मग आम्ही समोरासमोर बसून शिवत राहिलो. मध्येच तो म्हणाला की ताई, टाके वाकडे आलेत. मला शिंप्याच्या धंद्यातला सर्वांत मोठा मान मिळाल्यासारखं झालं.

निघताना तू दारात उभी होतीस. तुझे डोळे किती खोल गेलेत, ते मला तेव्हा दिसलं. स्वतःला जप गं.

तुझी शहाणी होत चाललेली,
ताई

---

९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

धाकटी कामावर गेलीय, शेजारचे काका माझ्या सोबतीला पेपर वाचत बसलेत, म्हणून मीच लिहितोय. मी बरा झालो असं लिहिणार नाही, खोटं ठरेल. काही सकाळी अजून वाईट जातात. पण औषध चालू आहे, डॉक्टरीणबाईंकडे जातो, आणि जड वाटलं की सांगतो. शाळा उघडल्यात. गाडी अजून दुसरा चालवतोय, मी शेडमध्येच आहे. त्याची आता लाज वाटत नाही.

सुट्टीभर तिने माझ्या आजाराचा गाजावाजा केला नाही आणि तो लपवलाही नाही. तिने एवढं बळ कुठून आणलं, मला कळत नाही.

काल संध्याकाळी ती भांडी घासत होती. मी तिला विचारलं की तू कशी आहेस. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि तिथेच ओट्यापाशी बसून रडू लागली. मी घाबरलो नाही, ताई. नळ बंद केला आणि तिच्याजवळ जमिनीवर बसून राहिलो. तिचं रडणं थांबेपर्यंत.

तुझाच,
भोंगा